कंपनीची चोरपरीक्षा

३ मार्च, सोमवार

आज मालकीणबाईंनी बोलावलं. मालकांच्या खोलीत जायची माझी ही तिसरी खेप, आणि आधीच्या दोन्ही वेळा त्यांच्या कपाटाची किल्ली हरवलेली होती. म्हणून सवयीने हत्यारांची पिशवी घेऊनच गेलो. बाई हसल्या. म्हणाल्या, "चोरसाहेब, पिशवी ठेवा खाली. आज दुसरंच काही उघडायचंय."

ही वही पुढेमागे कुणाच्या हाती लागलीच तर गैरसमज नको, म्हणून लिहून ठेवतो: मी चोर नाही. आमचा कुलपांचा कारखाना आहे आणि नवं कुलूप बाजारात जायच्या आधी ते किल्लीशिवाय उघडून बघायचं, ही माझी नोकरी. माझ्या टेबलावर कुलूप ठेवतात, शेजारी गरम चहाचा कप ठेवतात. चहा निवायच्या आत मी कुलूप उघडलं तर कुलूप बाद. याला सगळे चोरपरीक्षा म्हणतात आणि मला चोर. हिच्या माहेरी माझी ओळख करून देताना अजूनही सगळे जरा अडखळतात.

बाईंचं म्हणणं असं. एका मोठ्या कंपनीला आमचं नाव विकत हवंय. कारखाना नकोय, फक्त नाव. बाईंचे थोरले भाऊ विकायला तयार आहेत, काका तळ्यात मळ्यात. अठ्ठावीस तारखेला तिघे बसून ठरवणार. थोरल्यांचा मुद्दा एकच: आपण तेच कुलूप आणखी मजबूत करत बसलोय, उद्या कुणीतरी वेगळंच काही काढेल आणि आपण बसल्या जागी संपू.

"दादा चुकीचं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "आपलाच धंदा मोडीत काढील असं काही नवं आपल्याच घरात जन्माला येऊ शकतं का? तेवढी ताकद आपल्यात आहे का? असेल तर विकायचं नाही. नसेल तर मीही सही करते. हे तुम्ही मोजायचं."

"मी?"

"आपलीच कुलपं मोडायचा पगार घेता ना? मग कंपनी मोडता येते का तेही बघा."

मी हो म्हणून बसलो. बाहेर आल्यावर मग डोक्यात आलं. कारखाना बंद झाला तर या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? अर्जात लिहू काय? अनुभव: घरफोडी.

६ मार्च, गुरुवार

सल्लागार लोकांनी एक प्रश्नावली पाठवली होती, ती सगळ्या खात्यांत वाटली होती. आज भरून आली. 'तुमच्या खात्यात नव्या कल्पनांचं स्वागत होतं का?' यावर एकजात सगळ्यांची 'नेहमी'वर खूण. 'अपयशाची भीती वाटते का?' 'मुळीच नाही.' बेरीज केली तर कंपनीला शंभरपैकी सत्त्याण्णव गुण. तीन गेले ते हिशेबनिसाने शेवटचं पान कोरं सोडल्यामुळे. त्याला वाटलं, तिथे सही केली की काहीतरी खर्च मंजूर होतो.

एवढी धाडसी कंपनी वर्षानुवर्षं तीच तीन कुलपं खोका बदलून विकतेय!

विचारून काही कळत नाही. कुलपाला विचारलं, 'बाबा रे, तू मजबूत आहेस का?' तर ते काय नाही म्हणणार आहे? बाईंना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग कसं मोजाल? म्हटलं, बघतो. खरं तर डोक्यात काहीच नव्हतं. पण 'बघतो' हे मला छान जमतं.

८ मार्च, शनिवार

आईकडे जाऊन आलो. तिथून आलो की दोन तास काही सुचत नाही.

मागच्या महिन्यात ती न्हाणीघरात अडकली. बोटं सांध्यांतून इतकी वाकली आहेत की खिट्टी चिमटीत धरताच येईना. आत ती रडतेय आणि बाहेर मी माझ्याच आईचं दार उघडतोय. उघडलं क्षणात, त्याचं काय विशेष? पण तिचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. दुसऱ्याच दिवशी धाकट्याने तिच्या घरातल्या आतल्या दारांच्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. काळजीपोटीच काढल्या, त्याला नावं ठेवत नाही. आता ती आंघोळीला गेली की शेजारच्या काकू स्टूल घेऊन दाराबाहेर बसतात.

"तुझ्या भावाने मला तुरुंगातून सोडवलं आणि चावडीवर आणून बसवलं," आई म्हणाली. "आंघोळ करताना ती बाहेरून विचारते, झालं का हो? झालं का हो? मी काय कुकर आहे?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "तुझं हसणं होतंय. मला एक दार लावता येत नाही."

९ मार्च, रविवार

दिवसभर बाल्कनीत ठोकाठोक केली. आईच्या न्हाणीघरासाठी काहीतरी बनवलं. त्याला कुलूप म्हणायची मला लाज वाटते. उलथण्याच्या पात्याएवढी रुंद पितळी पट्टी. मनगटाने, कोपराने, कशानेही खाली ढकलली की दार बंद, वर ढकलली की उघडं. धरायचं नाही, पिळायचं नाही. बाहेरून एक खाच ठेवलीय, वेळ पडली तर तिच्यात नाणं घालून फिरवलं की दार उघडतं.

म्हणजे कुणीही उघडू शकतं. चहा निवायची गोष्टच सोडा, चहा ओतायच्या आत उघडेल. आयुष्यभर कुलपं बाद करत आलो, आणि स्वतःच्या हाताने काय बनवलं तर हे. ही म्हणाली, "बरी दिसतेय की." हिला कुलपातलं काय कळतं?

संध्याकाळी जाऊन बसवून आलो. आईने चारपाच वेळा ढकलून बघितली. नाव ठेवलं ढकली. मग मला म्हणाली, "आता तू जा." चहासुद्धा विचारला नाही.

११ मार्च, मंगळवार

सुचलं! दाढी करताना सुचलं.

कुलपाची परीक्षा जशी घेतो तशीच खात्यांची घ्यायची. एक नवी कल्पना घेऊन प्रत्येक खात्यात जायचं आणि समोर चहा मागवायचा. चहा निवायच्या आत त्यांनी कल्पना धुडकावली तर खातं बाद. किती वेळ टिकते त्यावरून गुण. तोंडी गप्पांपेक्षा हे खरं.

आता नवी कल्पना आणायची कुठून? माझ्याकडे एकही नाही. मग म्हटलं, खरी कशाला हवी? परीक्षेपुरतं काहीतरी हातात असलं म्हणजे झालं. आईच्या ढकलीसारखी आणखी एक बनवली आणि पिशवीत टाकली. परीक्षेच्या कामाला ती अगदी योग्य आहे. इतकं टाकाऊ कुलूप या कारखान्यात कुणी पाहिलं नसेल.

१२ मार्च, बुधवार

हिशेबनिसापासून सुरुवात. त्याने ढकली हातात घेतली, आकडेमोड केली आणि म्हणाला, "हिची किंमत आपल्या कुलपाच्या दहाव्या हिश्शाएवढीसुद्धा होणार नाही. नफा कुठून काढू, चिमटीतून?" बाद. चहा तोंडाला लावता येत नव्हता इतका गरम होता.

विक्रीप्रमुख जास्त गोड बोलला, निकाल तोच. "मी दुकानदाराला सांगू काय? आमचं नवं कुलूप घ्या, सहज उघडतं? अहो, आपण भरवसा विकतो." बाद.

बाहेर पडताना तो मागून आला. "ती ढकली की काय, परीक्षा झाल्यावर टाकूनच देणार असाल ना? मला द्या. आमच्या वडिलांना हाताला कंप आहे." देईन म्हटलं. फुकट मिळतंय म्हटल्यावर माणसं काहीही मागतात.

१३ मार्च, गुरुवार

डिझाइनप्रमुखाला आम्ही सगळे 'आणखीथोडं' म्हणतो. त्याने ढकली नाकारली नाही, मला क्षणभर आशा वाटली. त्याने कागद ओढला आणि सुधारणा सुरू केल्या. खाच काढून टाकू. आत चार लिव्हर घालू. मोटर बसवू, फोनवरून उघडेल. आणखी थोडं हे, आणखी थोडं ते. चहा निवेपर्यंत कागदावर आमच्याच सगळ्यात महागड्या कुलपाचं चित्र तयार झालं होतं. ढकली कुठे गेली, शोधावी लागली असती.

याला गुण किती द्यायचे? कल्पना फेकली नाही, पण मारली. बाद.

फाउंड्रीचा फोरमन म्हणाला, एवढ्याशा तुकड्यासाठी भट्टी लावणार नाही. बाद. खरेदी खातं म्हणालं, असल्या पट्टीसाठी पुरवठादार ठरलेला नाही, सबब असली पट्टी नाही. बाद. मी स्वतःचंही खातं सोडलं नाही. न्यायाने वागायचं तर माझ्या टेबलावर ढकली ठेवून चोरपरीक्षा घेतली. नाणं घातलं, उघडली. बाद.

हिशेबनिसाने संध्याकाळी गाठलं. सासऱ्यांसाठी एक हवी म्हणे. पैसे देतो म्हणाला! हिशेबनीस स्वतःहून पैसे देतो म्हणाला, ही मात्र नवलाची गोष्ट आहे.

१६ मार्च, रविवार

आईकडे गेलो तर शेजारच्या काकू दारातच भेटल्या. त्यांना पण एक हवी आहे. म्हटलं, तुमची बोटं तर धडधाकट आहेत. म्हणाल्या, "आज आहेत."

आईने खोलीच्या दारालाही ढकली लावायचा हुकूम काढला. "खोलीला कशाला?" विचारलं तर म्हणाली, "दार लावून बसावंसं वाटतं कधी कधी. त्याला कारण कशाला लागतं?" लावून दिली. वर म्हणते कशी, पितळ थंड लागतं, पुढच्या वेळी लाकूड लाव. माझ्या मालाला नावं ठेवणारं पहिलं गिऱ्हाईक घरातच निघालं.

तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आलाय. बरं वाटलं. हा सगळा महिना निव्वळ वाया गेला तरी एवढं एक बरं झालं.

१८ मार्च, मंगळवार

आज विक्रीप्रमुखाने मला बाजूला घेतलं. बातमी फुटली आहे. मी किती गुण देतो यावर सगळ्यांची पोटं आहेत, हे आता शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. "थोडे चढवून द्या ना हो," तो म्हणाला. "कल्पना अमुक वेळ टिकली म्हणा. चहा किती गरम होता हे कोण बघायला आलंय?"

काम आहे म्हणून मी सटकलो. पण खरं लिहायचं तर मलाही मोह होतोय. दिवसभर मनात तेच. प्रत्येक खात्याला थोडे थोडे गुण वाढवले तर पासष्टपर्यंत जाईल. बाईंना बोलायला जागा मिळेल, थोरले गप्प बसतील, फाउंड्रीची भट्टी चालू राहील. खोटं बोलून कुणाचं वाईट होणार आहे? आणि खरं बोलून तर सगळ्यांचंच होणार आहे. मी हा विचार करतोय याची मला शरम वाटत नाही, हेच मला खटकतंय.

१९ मार्च, बुधवार

हिच्याशी बोललो. ही भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजवर एखादं कच्चं कुलूप पास केलंत?"

"नाही."

"का नाही केलंत?"

"कुणाच्यातरी दाराला लागणार ते. त्या घरात माणसं झोपणार."

"मग?" म्हणाली आणि भाजीत लक्ष घातलं. हिचं हे 'मग' मला अजिबात आवडत नाही. त्यापुढे बोलायला काही राहत नाही.

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "माझा शाळेतला पगार आहे. उपाशी नाही मरणार आपण." पण भाजी निवडता निवडता चांगली पानंही टाकत होती, हे मी बघितलं.

२१ मार्च, शुक्रवार

अहवाल लिहिला. दीड पानच झालं. सहा खाती, सहा बाद. एकूण गुण शून्य. खाली सही केली. केल्यावर मात्र फार हलकं वाटलं, आणि मग लगेच भीती वाटली. दोन्ही एका वेळी कसं वाटू शकतं कोण जाणे.

या ढकल्यांचा आता ताप झालाय. रोज कुणी ना कुणी येतं. फोरमनला आईसाठी हवी, त्यासाठी बेट्याने जेवणाच्या सुट्टीत गपचूप भट्टीतून पट्ट्या ओतून आणल्या. भट्टी लावणार नव्हता ना? खरेदीवालीने गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बहिणीसाठी मागितली आणि स्क्रूचा डबाच आणून ठेवला, पुरवठादार कोण ते विचारू नका म्हणाली. 'आणखीथोडं' आला तो आजोबांसाठी. मी म्हटलं, मोटर लावून देऊ? चिडला. "नको हो! साधीच द्या. त्यांना साधीच हवी आहे."

आज तर थोरल्यांचा ड्रायव्हर आला. त्यालाही एक हवी, आणि डाव्या हाताने चालणारी हवी. त्याची आई डावखुरी असेल. दिली करून.

कंपनी बुडायला आली आहे आणि मी इथे फुकटात कड्या वाटत बसलोय. कामाच्या वेळेत हे करणं बरं नाही, पण नाही म्हणवत नाही.

२४ मार्च, सोमवार

मेलो होतो आज.

बाई अहवाल न्यायला स्वतः माझ्या खोलीत आल्या. त्यांना कधी इथे पाहिलं नव्हतं. टेबलावर ढकल्याच ढकल्या. कंपनीचं पितळ, कंपनीचे स्क्रू, कंपनीचा वेळ.

"हे काय?"

"भंगारातले तुकडे आहेत बाई. आणि पट्ट्या फोरमनने... म्हणजे त्याची काही चूक नाही. मीच."

"ते नाही विचारलं. हे आहे काय?"

म्हटलं, परीक्षेला जी बनावट कल्पना वापरली ती. अहवालात आहे. बाईंनी दीड पान उभ्या उभ्या वाचलं. शून्य बघून त्यांचा चेहरा पडला, मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी टेबलावरची एक ढकली उचलली. "परीक्षा संपली. मग या कुणासाठी?"

मी वैतागून सांगत गेलो. ही हिशेबनिसाच्या सासऱ्यांची. ही फोरमनच्या आईची. ही दुसरी हिशेबनिसाचीच, सासऱ्यांच्या मित्रासाठी. या तीन विक्री खात्याच्या. ही लाकडी मूठ बसवलेली आमच्या आईची, तिला पितळ थंड लागतं.

"म्हणजे ज्या सहा खात्यांनी बाद केली..."

"त्याच लोकांनी मागितल्या. फुकट्या मेल्यांनी. नाही, हिशेबनिसाने पैसे दिले, ते खोटं नाही बोलणार."

बाई माझ्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ ढकली मनगटाने वरखाली करत राहिल्या. मग हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं, झालं, शून्य बघून डोक्यावर परिणाम झाला.

"चोरसाहेब," त्या म्हणाल्या, "माणसांना हवी आहे. खात्यांना नको आहे. तुम्ही हेच मोजलंत."

मी म्हटलं हो. नीटसं काही कळलं नाही, पण मालक हसत असताना हो म्हणावं. भंगाराचा विषय निघाला नाही, सुटलो.

२७ मार्च, गुरुवार

उद्याच्या बैठकीला मलाही बोलावलंय. ढकल्यांची पिशवी घेऊन. ही सकाळपासून माझा चांगला शर्ट इस्त्री करतेय. म्हटलं, अगं किती वेळ? म्हणाली, "मला दुसरं काही करता येत नाहीये."

२८ मार्च, शुक्रवार

जमेल तसं सगळं लिहितो.

लांब टेबल. एका बाजूला थोरले, मध्ये काका, समोर बाई. भिंतीशी सगळे खातेप्रमुख, आणि मी दारापाशी. थोरल्यांनी अहवाल वाचला आणि बाईंकडे सरकवला. "तुझाच माणूस म्हणतोय शून्य. आता आणखी काय राहिलं?"

मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

बाई म्हणाल्या, "शून्य खरं आहे. मी एकही गुण वाढवणार नाही." मग माझ्याकडे वळल्या. "किती खात्यांनी नाकारली?"

"सगळ्यांनी."

"आणि किती खातेप्रमुखांनी घरी नेली?"

मी भिंतीकडे बघितलं. हिशेबनीस बुटांकडे बघत होता. विक्रीप्रमुखाला एकदम खोकला आला. "सगळ्यांनी," मी म्हणालो. काका खुदकन हसले. त्यांनी पिशवीतली एक ढकली मागून घेतली आणि पुढचा सगळा वेळ तिच्याशी खेळत बसले.

थोरले हसले नाहीत. ते हुशार आहेत, मुद्द्यालाच हात घातला. "समजा खपली. लोकांना कळलं की घरातल्या आतल्या दाराला कुलूप लागतच नाही, ही पुरते. मग आपल्या आतल्या दारांच्या कुलपांचं काय? निम्मा खप तोच आहे. ही आपल्यालाच खाईल."

"हो," बाई म्हणाल्या. "आपल्यालाच खाईल. तू महिनाभर हेच विचारत होतास ना, असं काही आपल्या घरात जन्माला येतं का म्हणून? आलंय. दुसऱ्याने काढली तरी ती आपल्याला खाणारच आहे. मग आपणच का नको?"

"बाजारात असतीलच असल्या कड्या."

"आहेत. दवाखान्यातल्यासारख्या दिसतात. आपल्या घरात दवाखाना कुणाला हवा असतो?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पहिल्यांदा नीट समजलं. या इमारतीत ढकली जगणार नाही. हिशेबनीस तिला मोठ्या कुलपाच्या नफ्याने मोजणार, डिझाइन तिच्यात मोटर घालणार. कुणी वाईट नाही, सगळे आपापलं काम चोख करणार आणि चोख कामानेच ती मरणार. आमच्या शून्याचा अर्थ तो. म्हणून ती बाहेर काढायची. पलीकडच्या रस्त्यावर एक गाळा, चार माणसं, वेगळा हिशेब, आणि कुठल्याही खात्याला तिच्यावर सही करायचा अधिकार नाही. "आणि चोरपरीक्षा बंद," माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुम्ही घ्याल तेवढ्या वेळा ती बाद होणार."

काकांनी ढकली खाली ठेवली आणि म्हणाले, दोन वर्षं द्यावीत. तोवर विकायचं नाही.

सगळे थोरल्यांकडे बघत राहिले. ते कागद गोळा करत होते. न बघताच त्यांनी मला विचारलं, "डाव्या हाताने चालते ना ही? नीट? घसरून पडलं कुणी तर हाताशी लागते?"

"कोपरानेही चालते साहेब. गुडघ्यानेसुद्धा चालेल."

"हं," म्हणाले आणि सही केली. थोरले तर उजव्या हाताने लिहितात, मी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांच्या ड्रायव्हरसारखंच हे डाव्या हाताचं कशाला विचारलं कोण जाणे. मोठ्या माणसांचं काही कळत नाही.

कारखाना राहिला! दोन वर्षं तर राहिला. बाहेर आल्यावर फोरमनने मला मिठीच मारली, त्याच्या काजळीचा पंजा चांगल्या शर्टावर उमटला. घरी आल्यावर हिने तो बघितला. भिंतीला टेकून रडली फक्त. मी म्हटलं, अगं, चांगलं झालंय. म्हणाली, "माहितीये हो. रडू द्या ना जरा."

गाळा मला सांभाळायचा आहे. बाकी मला अजूनही कळत नाही की त्या टाकाऊ कडीत बाईंना एवढं काय दिसलं. पण दिसलं, हे आमचं नशीब.

२९ मार्च, शनिवार

सकाळी उठल्या उठल्या आईला सांगायला गेलो. माझ्याकडच्या किल्लीने बाहेरचं दार उघडून आत गेलो. घरात कुणी नाही. न्हाणीघरही रिकामं. मग बघितलं, तिच्या खोलीचं दार लावलेलं होतं.

"कोण?" आतून आवाज.

"मी आहे. बातमी आहे."

"वाईट?"

"नाही, चांगली. कारखाना..."

"चांगली आहे ना? मग थांब. ती काय पळून जातेय? मी वेणी घालतेय."

"तुला मदत करू का? बोटं दुखतील."

"मदत हवी असती तर दार लावलं असतं का?"

आता मी, ज्याने उभ्या आयुष्यात बंद दारासमोर पाच मिनिटं हात बांधून काढली नाहीत, तो दाराशी जमिनीवर बसलो. एरवी बंद दार दिसलं की बोटं शिवशिवतात माझी. आतून कंगवा पडल्याचा आवाज आला. मी उठलो नाही. तिने तो उचलला असावा, कारण थोड्या वेळाने ती पुटपुटत पुन्हा विंचरायला लागली. बऱ्याच महिन्यांनी मी तिला गुणगुणताना ऐकत होतो, सूर अर्थातच चुकत होता. तिला वेळ लागला. बराच लागला. मी बसून राहिलो, आणि मग दार तिनेच उघडलं.